पडीक

आमच्या गॅलरीसमोर इमारतींची रांग संपते आणि एक उतार सुरू होतो. सोसायटीत त्याला ‘पडीक जागा’ म्हणतात. मुलांनी तिकडे जायचं नाही, साप आहेत. मोठ्यांनी जायचं कशाला, तिथे आहे काय? करंजाड्यात राहायला आल्यावर पहिलं वर्षभर मीही तो उतार कपडे वाळत घालताना पाहायचे, तेवढाच.

मग एका मे महिन्यात नळाला पाणी येईना. पौर्णिमा होती. टँकर पहाटे आला, त्याच्या घरघरीनं झोप मोडली, आणि उजाडता उजाडता मी चपला घालून सहज खाली उतरले. वाळकं गवत, बाभळी, फुटक्या टाइल्सचा ढीग, आणि एकदम चिखलाचा तो ओला, खारा वास. समोर गाढी नदी. ओहोटी लागलेली. चिखलातून तिवरांची श्वासमुळं हजारो पेन्सिली रोवल्यासारखी वर आली होती आणि त्यांच्यामधून निवट्या, चिखलातले ते मासे, टुणटुणत होत्या. एक बगळा एका पायावर उभा. पलीकडे पनवेल अजून झोपेत. मी तिवराचं एक पान तोडून जिभेला लावलं. खारट. माथेरानच्या डोंगरातून निघालेली, देहरंगच्या धरणात अडलेली आणि तिथून सुटलेली नदी माझ्या घरापाशी खाडीला भेटत होती, आणि मला ते वर्षभर माहीत नव्हतं.

काठावर दोन करंज होते. गावाच्या नावात जो करंज ऐकू येतो, तो मी तिथे पहिल्यांदा पाहिला. खाली फिकट जांभळट फुलांचा सडा पडला होता. भरतीचं खारं पाणी मुळांशी आलं तरी हे झाड तगतं, काठाची माती धरून ठेवतं. त्याच्या बियांचं तेल एके काळी दिव्यात जळायचं आणि खरजेवर लावलं जायचं. आता बागेसाठी रोपं निवडताना करंजाचं नाव कुणी काढत नाही.

‘पडीक’ हा मुळात शेतकऱ्याचा शब्द. जमीन पडीक ठेवली म्हणजे तिला विसावा दिला. ती पुन्हा पिकणार हे त्यात गृहीतच असायचं. शहरात हा शब्द आला आणि त्यातला विसावा गेला. पडीक म्हणजे अजून कुणी काही बांधलं नाही अशी जागा, एवढंच उरलं.

नाक्यावर चिंबोऱ्या विकायला बसणाऱ्या आजींशी मी हे बोलले. त्या आगरी, सगळा जन्म याच काठावर गेलेला. त्या म्हणाल्या, “पडीक कसली? आमच्या कालवणाची जागा ती.” मग बांध, खाजण, उघाडी हे सगळे शब्द त्यांच्या तोंडून आले. बांधाच्या आतल्या खाजणात पावसाळ्यात भात, आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, तोंडाशी जिताडा मासा. नकाशावर जे मोकळं दिसतं, त्यातल्या वावभर जागेचाही उपयोग त्यांना ठाऊक होता.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या गेल्या. त्यांचा योग्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन पेटलं, त्यात पाच माणसं पोलिसांच्या गोळीला बळी पडली. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. करंजाड्यातल्या कितीतरी इमारती अशाच भूखंडांवर आहेत. माझंही घर भरावावर उभं आहे. म्हणून घरं नकोत असं मी म्हणणार नाही. माणसांना घर लागतं. पण रात्री राडारोड्याचा ट्रक उताराच्या कडेला मागे येतो, फळका उघडतो, तेव्हा माझ्या पोटात कालवतं.

कारण ही जागा कामात असते. २६ जुलै २००५ ला गाढीचं पाणी पनवेलच्या घरांत शिरलं. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नदीला पसरायला जागा लागते. ती आपण भरली की पाणी जिन्यानं वर येतं. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे, आणि तिच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. आमच्या उताराला तो निकाल लागू आहे, हे सोसायटीच्या सभेत मी वाचून दाखवलं. तेव्हा विषय कंपाउंडच्या भिंतीचा चालला होता. भिंत झाली, पण तिला एक छोटं फाटक ठेवलं गेलं. त्याची एक किल्ली माझ्याकडे असते.

पलीकडे उलव्याची टेकडी कापून, उलवे नदीचा प्रवाह वळवून विमानतळ झाला आहे. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून प्रवासी विमानं उडतात. आमची मुलं गॅलरीत उभी राहून विमानं मोजतात. फाटकातून खाली आलेली मुलं निवट्या मोजतात, आणि त्यांची मोजणी कधी संपत नाही.

अमावास्येला आणि पौर्णिमेला इथली ओहोटी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमाराला असते. करंजाड्यात राहत असाल तर एकदा या. जुन्या चपला घाला, आणि मुलांना घेऊन या.