काच सोडून बोला

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत कुणीही जागा घेतली की पहिलं बोलणं काचेचं. “समुद्र दिसला पाहिजे, भिंतभर.” मी वही उघडते आणि विचारते, रात्री डोकं कुठल्या दिशेला करून झोपता? पावसाळ्यात इथे कोण राहणार? जवळपास कुणी मासळी वाळत घालतं का? समोरचा माणूस जरा चपापतो. पण माझ्या निम्म्या खिडक्या या तीन उत्तरांवर ठरतात. काय दिसणार, हे त्यानंतर.

काचेवरचा माझा राग साधा आहे. पश्चिमेला अखंड काच लावली की दुपारी खोली तापते. मग एसी येतो. एसी आला की सगळ्या फटी बुजवाव्या लागतात, आणि लाखो रुपये मोजून घेतलेला समुद्र आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा समोर हलत राहतो. तोही फार दिवस नाही. खाऱ्या हवेचा थर बसला की आठवड्याभरात काच धुरकट होते.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेत पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले. किनाऱ्यावर खिडकी काढायची तर तेवढा भूगोल पुष्कळ झाला. दिवसा जमीन तापते आणि वारा समुद्रावरून येतो. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा फिरतो, थंडीत तर अगदी नेमाने. म्हणून झोपायच्या खोलीची खरी खिडकी पूर्वेला हवी, तीही खाटेच्या उंचीला, म्हणजे वारा अंगावरून जाईल. समोरच्या भिंतीत वर तेवढंच मोठं तोंड ठेवायचं, कारण बाहेर जायला वाट नसेल तर वारा आत शिरतच नाही. रातराणी लावायची तीही पूर्वेच्या अंगाला. हौसेने समुद्राच्या बाजूला लावली, तर तिचा वास रात्रभर होड्यांकडे जातो.

दिवाळीनंतर दुपारचा वारा बहुधा वायव्येकडून असतो. बोंबील वाळवायच्या वलांड्या त्या दिशेला असतील तर बैठकीच्या खोलीचं तोंड मी नैर्ऋत्येला वळवते. काही मालकांना वाटतं, वलांड्याच हलवता येतील. कोळी तिथे आपल्या आधीपासून आहेत, एवढं सांगून मी विषय संपवते.

नांदगावला नारळाच्या वाडीत बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये पामायरा हाऊस उभं केलं. ऐनाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताडाच्या खोडाच्या बाहेरच्या कठीण भागातून काढलेल्या पट्ट्या. भिंत कुठे संपते आणि खिडकी कुठे सुरू होते, हे सांगता येऊ नये अशी रचना. २०१० च्या आगाखान पुरस्काराच्या निवडक यादीत ते आलं, फोटो जगभर फिरले. फोटोत वारा येत नाही, ही त्यातली अडचण. तिरप्या पट्ट्यांची करामत पावसात असते. झड बाहेर अडते, पण पावसाचा आवाज, मातीचा वास आणि गारवा आत येतो. एरवी आपण जूनमध्ये खिडक्या मिटतो आणि चार महिने कोंदट वासात काढतो. झिलमिल्या आपल्याकडच्या जुन्या बंगल्यांना होत्याच. गोव्यातल्या जुन्या घरांत तर लाकडी चौकटीत शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवत. त्यातून उजेड येतो, बाहेरचं काहीच दिसत नाही, आणि त्यावाचून त्या घरांचं कधी अडलं नाही.

नागावच्या एका निवृत्त शिक्षिकेचं घर मी केलं. सगळं गाव त्यांना बाई म्हणतं, मीही. मधुमेहाने त्यांची नजर जवळजवळ गेली होती. मुंबईच्या मुलाला काच हवी होती. बाईंची मागणी निराळी. फाटकाची कडी वाजलेली कळली पाहिजे, विहिरीवरचा पंप चालू राहिलेला कळला पाहिजे, आणि भरती कळली पाहिजे. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ त्या तोंडी सांगत, चतुर्थी म्हणजे तीन वाजता. “वेळ मला येते गं,” त्या म्हणाल्या, “पण उधाण आणि भांग यांचा आवाज एक नसतो. तो यायला हवा.”

त्यांच्या खुर्चीवरून कोपर टेकेल एवढ्या उंचीला खिडकीची पाटली घेतली, सागवानाची, कडा गोल केलेली. झडपा वर-खाली दोन जोड्यांत. खालच्या जोडीला खिट्ट्या अशा दिल्या की वीतभर उघडून ती तिथेच अडकावी. पागोळ्यांखाली मी गोटे भरणार होते. बाईंनी पाथरवटाकडून काळ्या दगडाची एक पन्हळ मागवली, गोट्यांचा ढीग शेजारी करायला लावला आणि गड्याला दोन्हींवर झारीने पाणी ओतायला सांगितलं. गोट्यांवर नुसता चरचराट झाला. पन्हळीत पाणी साठत गेलं तसा आवाज बदलत गेला. पन्हळ ठेवली. पाऊस किती झाला, हे त्या आता अंथरुणातून सांगतात.

बिजागऱ्या मी पितळीच घेते. लोखंड इथे फुगतं, कुरकुरतं, हाताला चिकट लागतं. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये उभी राहिली, ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून; मोजमापं बिघडू नयेत यासाठी तिच्या बांधकामात लोखंड टाळलेलं आहे. माझं कारण एवढं शास्त्रीय नाही. पितळ काळवंडतं, पण झडप अडकत नाही.

सगळंच आपल्या हातात नसतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं. एका घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून सुपाऱ्यांची सळसळ यायची, ती शेजारच्या वाडीतली होती. वाडी आडवी झाली आणि तिथे थेट लाटा ऐकू यायला लागल्या. मालकीणबाईंना सुरुवातीला झोप लागेना. माझ्या नकाशात ती वाडी कुठेच नव्हती. तेव्हापासून शेजारची झाडंही मी नकाशावर काढते.

डासांच्या जाळीचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. जाळी लावली की वारा कमी होतो, आणि तिच्यात मीठ बसलं की आणखी कमी. म्हणून जाळीच्या चौकटी उचलून काढता येतील अशा करते, विहिरीवर नेऊन गोड्या पाण्याने धुण्यासाठी, आणि नकाशावर तसं लिहून देते. शनिवार-रविवारी येणारे मालक ते वाचत नाहीत. राखणदार वाचतात. सासवण्याच्या एका राखणदाराने मला थांबवून सांगितलं, “मॅडम, चौकट दोन तुकड्यांची करा, एकट्याला उचलत नाही.” आता तशीच करते. सुतार जास्तीचे पैसे मागतो, ते मालकाच्या बिलात लावते.