न काढलेलं पाणी

आमच्या तालुक्याच्या गावाचं नाव वाशी. जपानमध्ये हातकागदालाही ‘वाशी’च म्हणतात. युनेस्कोने २०१४ मध्ये तो कागद बनवण्याची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. काजळी आणि सरसाच्या शाईने त्यावर मासे काढतात. मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) यानेही कार्प मासे रंगवले. पाणी मात्र अशा चित्रांत बहुधा काढतच नाहीत. कागद कोरा ठेवतात; माशाचा बाक आणि फिकट होत गेलेली शाई पाहून पाणी आपण ओळखायचं.

माझ्या मुलीला हे पटलं नाही. “अब्बा, हा मासा तर कोरड्यात पडलाय!” उन्हाळ्यात टँकरपुढे घागर घेऊन उभी राहणारी पोर ती. न दिसणारं पाणी मनाने भरायला आधी डोळ्यांनी पुष्कळ पाणी पाहिलेलं असावं लागतं. तिच्या पेटीतला निळा खडू सर्वांत आधी संपतो. मी नवा आणून देतो.