दोन गुणी टोमॅटोंचे भांडण

वाचकहो, नकाशावर न्यूयॉर्क शहर शोधा. त्याच्या पूर्वेला समुद्रात आडवे पडलेले लांबोडके बेट दिसेल, ते लाँग आयलंड. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील कोल्ड स्प्रिंग हार्बर या गावी आज आपल्याला जायचे आहे. एके काळी येथून देवमाशांच्या शिकारीची गलबते सुटत. खाडीकाठची प्रयोगशाळा १८९० सालची. येथल्याच मक्याच्या शेतात बार्बरा मॅक्लिंटॉकबाईंनी वर्षानुवर्षे कणसे तपासली. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण आपण आलो आहोत टोमॅटो पाहायला.

टोमॅटोच्या देठाला मध्येच एक सांधा असतो. फळ तोडले की देठ तिथे तुटतो आणि फळाला राहिलेले त्याचे टोक शेजारच्या फळात घुसते. क्रेट भरणाऱ्या मंडळींना हे काय सांगायचे! पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांवर एक रानटी टोमॅटो सापडला, त्याच्या देठाला सांधाच नव्हता. फळ कसे मोकळे हाती येते. यंत्राने तोडणी करणाऱ्यांना तर हा गुण हवाच होता. पैदासकारांनी तो लागवडीच्या जातींत आणायला घेतला आणि भलतेच घडले. काही झाडांचा फुलोरा केरसुणीसारखा फुटू लागला. फुले उदंड, फळे मोजकी.

दोष कुणाचा? येथील झॅकरी लिपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. लागवडीच्या कित्येक टोमॅटोंत आणखी एक जुना बदल दडलेला होता. त्याने फळावरची हिरवी टोपी मोठी होते, एवढेच. दोघेही एकेकटे सज्जन. एका झाडात भेटले की घर मोडते.

हे ओळखायचे तर संकर करून दुसऱ्या पिढीची भरपूर रोपे लावावी लागतात आणि एकेका झाडाचे घोस तपासावे लागतात. दोन्ही बदल आई आणि बाप, दोहोंकडून आलेले झाड सोळांत सरासरी एकच. पाचसहा रोपे लावणाऱ्याला ते कदाचित दिसायचेच नाही.

बिघाड कळल्यावर या मंडळींनी अशा जनुकांची मात्रा कमीजास्त करून पाहिली. घोस बेताने फुटणारे संकरित टोमॅटो तयार झाले आणि उत्पन्न उलट वाढले. पुढे २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट उलगडली. काही सांधा नसलेल्या जातींत तो टोपीचा बदललेला जनुक दुप्पट झाला होता, त्यामुळे त्याची उणीव भरून निघत होती. जुन्या पैदासकारांनी सरळ घोसाची झाडे निवडता निवडता, जनुकाचे नावही ठाऊक नसताना, तेच बी पुढे चालवले होते.