घाना किती दूर आहे?

आखातात जाणे आमच्या घरांना आता नवे राहिलेले नाही. दुबई, दोहा, रियाध ही नावे नागपूर-गोंदियासारखी सहज घेतली जातात. सामान किती किलो चालते, हे घरातल्या दादीलाही पाठ असते. पण गेल्या वर्षी माझ्या भाच्याला पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात काम मिळाले, तेव्हा मिठाई आणायचे कुणाला सुचले नाही. घाना नेमका कुठे आहे, हेच घरात कुणाला सांगता येईना.

भाचा आयटीआय झालेला, नागपूरच्या एका गॅरेजमध्ये तीनचाकी गाड्या दुरुस्त करणारा. काम होते उत्तर घानातल्या तमाले शहरात, तेही रिक्षा दुरुस्तीचेच. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. पण माझी आपा विधवा आहे आणि तिला हा एकुलता एक मुलगा. ती एवढेच म्हणाली, “वहाँ अपना कौन है? पोचणार कसा आणि फिरणार कसा?”

एजंटाचे उत्तर होते, “विमानातून उतरल्यावर कुणीतरी घ्यायला येईल.” तो ‘कुणीतरी’ मला खटकला. शाळेत मी मुलांना नकाशा शिकवते. मोठा प्रवास भीतीदायक वाटला तर त्याचे टप्पे पाडा, असे त्यांना सांगते. तेच घरी केले. एक वही घेतली आणि आपाला शेजारी बसवले.

पहिला टप्पा मोहाडी ते मुंबई. वरठीचे भंडारा रोड स्टेशन, तिथून विदर्भ एक्सप्रेस आणि सकाळी मुंबई. “हे तर मला माहीत आहे,” आपा म्हणाली.

दुसरा टप्पा मुंबई ते अक्रा, म्हणजे घानाची राजधानी. वाटेत विमान बदलावे लागते. एक मार्ग इथिओपियाच्या अदिस अबाबावरून, दुसरा दुबईवरून. पण त्याआधी कागद. व्हिसा दिल्लीतल्या घानाच्या उच्चायुक्तालयातून मिळतो. तो पर्यटनाचा आहे की नोकरीचा, हे स्वतः वाचून पाहायचे, कारण पर्यटनाच्या व्हिसावर पाठवलेल्या मुलाला तिथे कामाचा हक्क नसतो. शिवाय पीतज्वराची लस. ती सरकारमान्य केंद्रातच, निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचे पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवावे लागते. घानात शिरताना ते मागतात. परतताना ते नसेल तर भारतातल्या विमानतळावर ६ दिवसांपर्यंत वेगळे ठेवू शकतात. ही लस आता आयुष्यभरासाठी धरली जाते, म्हणून कार्ड जपून ठेवायचे. तिकडे मलेरियाही आहे. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला आणि मच्छरदाणी.

तिसरा टप्पा अक्रा ते तमाले, सुमारे ६०० किलोमीटर. एजंटाने याचा उल्लेखही केला नव्हता! तमालेपर्यंत रेल्वे नाही. टेमा ते म्पाकादान हा ९७ किलोमीटरचा नवा लोहमार्ग भारताच्या कर्जातून, मुंबईच्या अ‍ॅफकॉन्स कंपनीने बांधला आहे, पण तो देशाच्या दक्षिण भागातच संपतो. त्यामुळे पर्याय दोनच उरतात: देशांतर्गत विमान, साधारण तासाभराचे, किंवा कुमासी शहरावरून जाणारी लांब पल्ल्याची बस, जिला अख्खा दिवस लागतो. बस स्वस्त पडते. पण रात्रीच्या रस्त्यावर अपघाताची भीती जास्त, म्हणून नवख्याने दिवसाच निघावे.

चौथा टप्पा शहरातले फिरणे. तिथे ट्रोट्रो नावाच्या लहान बसगाड्या चालतात. त्यांना वेळापत्रक नसते, भरली की निघते. “म्हणजे आपली काळी-पिवळी!” आपा पहिल्यांदा हसली. मग रिक्षा. आपल्या वाळूजला बनणाऱ्या बजाजच्या रिक्षा आफ्रिकेतल्या अनेक देशांत धावतात. घानात रिक्षेला ‘प्रग्या’ म्हणतात. ‘कुमकुम भाग्य’ ही मालिका तिकडच्या ट्वी भाषेत दाखवली गेली, इतकी गाजली की नायिकेचे नाव रिक्षेला चिकटले. आपाने ती मालिका एकेकाळी रोज पाहिली होती. ती म्हणाली, “मग माझा मुलगा प्रग्या दुरुस्त करणार तर!”

तमालेत बहुसंख्य वस्ती मुसलमानांची आहे आणि ओढणी घेतलेल्या बायका तिथे सर्रास मोटारसायकल चालवतात. मी स्कूटीवर शाळेत जाते तेव्हा अजूनही कुणीतरी वळून पाहते, म्हणून हे वाचून मला फार बरे वाटले. घानाच्या शहरांत मुस्लिम मोहल्ल्यांना ‘झोंगो’ म्हणतात. हौसा भाषेत त्याचा मूळ अर्थ काफिल्याचा मुक्काम, आपल्या सरायसारखा. उत्तरेकडून व्यापारी काफिले येत, थांबत, आणि त्या मुक्कामांचे मोहल्ले झाले.

आपल्या दौलताबादला राहून गेलेला इब्न बतूता १३५२ मध्ये सहारा ओलांडून माली राज्यात गेला. वाळवंट पार करायला काफिल्याला दोन महिने लागले. त्या राज्यातले रस्ते सुरक्षित आहेत, वाटसरूला लुटारूंची भीती नाही, हे त्याने कौतुकाने लिहून ठेवले. “वहाँ अपना कौन है” याचे हे एक उत्तर होते. पण आईला एवढ्याने भागत नाही, आणि भागूही नये. तिला आजच्या माणसाचे नाव आणि नंबर हवा असतो.

म्हणून गॅरेजमालकामार्फत तमालेच्या मालकाशी आम्ही थेट फोनवर बोललो. अक्राला कोण येणार, त्याचे नाव, त्याचा नंबर. अक्रा ते तमालेचे विमान तिकीट आधी हातात. पासपोर्ट मालकाकडे नाही, मुलाकडेच राहील. परतीच्या तिकिटाचा खर्च कोणाचा, हे करारात लेखी. मालक भला निघाला, सगळे मान्य केले. त्यानंतरच आपाने हो म्हटले आणि प्रवासाची दुआ मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतली.

भाचा जाऊन आता आठ महिने झाले. घानाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. आपा इशाची नमाज उरकून फोन करते, तेव्हा तिथे दुपार असते आणि मागे हातोडीचा आवाज चालू असतो. तिची काळजी संपलेली नाही. फक्त आता ती ‘तिकडे कुठेतरी’ म्हणत नाही, ‘तमालेला’ म्हणते.

वही सध्या शेजारच्या मोहल्ल्यात एका घरी आहे. त्यांच्या मुलाला नायजेरियात काम सांगून आले आहे. मी त्यांना बजावले आहे, पहिला टप्पा तेवढा जसाच्या तसा घ्या, बाकीची पाने तुम्हीच नव्याने, विचारून विचारून भरा.