दोन ट्रेल आणि एक आरोप

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. पाटणला संततधार लागली होती. अशा शनिवारी रात्री माझ्या घरी आम्ही पाच जण तीन पत्ती खेळायला बसलो. बूट एक रुपया, म्हणजे हरलं तरी चहा-वड्याचे पैसे गेले इतकंच. माझा चुलतभाऊ होता, त्याला सगळे दादा म्हणतात. दोन शेजारी होते, आणि आठ वर्षं माझ्यासोबत वस्त्यांमध्ये काम करणारा एक मित्र. तो विमुक्त समाजातला. बाकी आम्ही चौघे बौद्ध.

मित्राला आधी सत्तीची ट्रेल लागली. बारानंतर गुलामाची लागली. दादाने पानं फेकली. "एका रात्रीत दोन ट्रेल? खिसे दाखव." आणि पुढचं वाक्य, "शेवटी जातीवर गेलाच."

मित्र उठला. त्याने खिसे उपडे केले. एसटीचं तिकीट, गोळ्यांची चिठ्ठी, चाळीस रुपये. जिंकलेले पैसे चटईवर ठेवून तो पावसात निघून गेला. तेव्हा मी काय केलं? म्हणालो, "जाऊ दे दादा, खेळ आहे." एवढंच. हा लेख त्या "जाऊ दे"बद्दल आहे.

सकाळी कॅट मोजला. बावन्न पानं पूर्ण होती. मग आठवलं, दुसऱ्या ट्रेलच्या वेळी पानं मी पिसली होती, दादाने काटली होती, आणि वाटलीही मीच होती. लबाडी झालीच असेल तर पहिला संशय माझ्यावर यायला हवा होता. तो माझ्याकडे वळलाही नाही. का नाही वळला, हा प्रश्न समाजशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाने स्वतःला विचारायलाच हवा.

आता "दोन ट्रेल लागूच शकत नाहीत" हा मुद्दा घेऊ. बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यातल्या ट्रेल ५२. म्हणजे सुमारे ४२५ हातांत एक. पाच जण रात्रभरात साठ डाव खेळले, तर पाचांपैकी कुणा एकालाच दोन ट्रेल लागण्याची शक्यता शेकडा चार-पाच येते. कमी आहे, पण शंभर घरांत असा फड बसला तर चार-पाच घरांत हे घडणारच. त्या सगळ्या घरांत चोर आहेत का? दुर्मीळ गोष्ट घडली, एवढ्याने ती कुणी घडवून आणली हे सिद्ध होत नाही. "वाटलं" आणि "पाहिलं" यांत फरक आहे.

मोठ्या घरांतही हेच घडतं. सप्टेंबर १८९० मध्ये इंग्लंडात यॉर्कशायरमधल्या ट्रॅनबी क्रॉफ्ट या घरी बॅकराचा डाव चालला होता. खेळात इंग्लंडचे युवराज होते. सर विल्यम गॉर्डन-कमिंग या लष्करी अधिकाऱ्यावर लबाडीचा आरोप झाला. प्रकरण कसं मिटवलं? पुन्हा कधी पत्ते खेळणार नाही, असा कागद त्याच्याकडून सही करून घेतला आणि बदल्यात सगळ्यांनी गप्प राहायचं ठरवलं. गुपित फुटलंच. १८९१ मध्ये तो बदनामीच्या दाव्यासाठी कोर्टात गेला, युवराजांची साक्ष झाली, तो हरला आणि सैन्यातूनही गेला. त्याने लबाडी केली की नाही, यावर आजही वाद आहे. दाबून मिटवलेला आरोप मिटत नाही, एवढं मात्र त्यातून कळतं.

आपल्याकडे याहून चांगली रीत फार आधीपासून आहे. विनयपिटकात दब्ब मल्लपुत्त या भिक्खूची हकीकत येते. राजगृहात भिक्खूंची राहण्याची आणि भोजनाची व्यवस्था त्याच्याकडे होती. आपल्याला वाईट वाट्याचं मिळतं म्हणून चिडलेल्या दोन भिक्खूंनी त्याच्यावर गंभीर खोटा आरोप रचला. बुद्धांनी संघ बोलावला, दब्बाला सर्वांसमोर विचारलं, आणि मग आरोप करणाऱ्यांचीच चौकशी झाली. त्यांनी कबुली दिली. दुसऱ्यावर दोष ठेवणाऱ्यासाठी विनयात पाच गोष्टी सांगितल्या आहेत: योग्य वेळी, खरं, सौम्यपणे, हिताचं आणि मैत्रीच्या मनाने बोलावं. त्या रात्री आमच्या चटईवर पाचांपैकी एकही नव्हती.

पैसे लावून खेळणं सिगालोवाद सुत्तात हानीचंच सांगितलं आहे, हेही कबूल करतो. जुगाऱ्याचे मित्र त्याला तुच्छ मानतात, असं तिथे म्हटलंय. आमच्याकडे उलटं झालं. तुच्छ मानणं आधीपासून होतं, पत्ते फक्त निमित्त ठरले.

दोन दिवसांनी मी दादाकडे गेलो.

"म्हणजे मी खोटारडा का?" दादा म्हणाला.

"तसं म्हणत नाही दादा. तुम्ही काय पाहिलं, तेवढंच सांगा."

बराच वेळ गेला. "पाहिलं काही नाही. वाटलं."

"मग हे त्याच खोलीत, त्याच चौघांसमोर सांगायचं. फोनवर नाही."

दादा आला. त्याने माफी मागितली. मग मीही मागितली, कारण माझं गप्प बसणं आरोपाच्याच बाजूचं होतं. मित्र म्हणाला, "पैशाचं मला काही नाही दादा. पण खिसे उपडे करताना मला माझा आजा आठवला. त्याला हजेरी द्यावी लागायची."

हजेरी कुठली, ते सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण आपल्या तोंडातून अजून गेलेला नाही. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ती हीच. वरच्याचा अन्याय आपल्याला लगेच दिसतो, खाली आपला पाय कुणावर आहे ते दिसत नाही.

म्हणून घरच्या डावात संशय आला तर एवढं करा. डाव थांबवा, पैसे बाजूला ठेवा. पाहिलं असेल तेच बोला. आरोप करणाऱ्याने न्यायाधीश व्हायचं नाही. कुणाचे खिसे तपासायचे नाहीत. आणि चूक निघाली तर जिथे, ज्यांच्यासमोर बोललात, तिथेच माफी मागा.

मित्र अजून घरी येतो. चहा घेतो, कामाचं बोलतो. पत्त्यांना मात्र हात लावत नाही. मी अजून त्याला आग्रह केलेला नाही.

जय भीम!