दुधाची कडी

बुंदी आमची शिह त्झू. आठ महिन्यांची झाली तरी चार महिन्यांच्या पिल्लाएवढीच. चिकन खाल्लं की तासाभरात गोल गोल फिरायची, मग भिंतीला डोकं टेकवून उभी राहायची. आई म्हणायची, दृष्ट लागलीय.

नेरूळच्या डॉक्टरांनी रक्ततपासणी केली: उपाशीपोटी एकदा आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पुन्हा. बाइल अ‍ॅसिड्स दोन्ही वेळा वाढलेली. मग सीटी स्कॅनमध्ये कारण दिसलं.

आतड्यांतलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जातं. तिथे अमोनियासारखी द्रव्यं निकामी होतात आणि मगच ते शरीरभर फिरतं. बुंदीला जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी होती, शंट. त्यातून रक्त यकृताला वळसा घालून पुढे जायचं आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचायचा. लहान जातींच्या कुत्र्यांत ही वाहिनी बहुधा यकृताबाहेर असते, लॅब्राडॉरसारख्या मोठ्या जातींत आत. बुंदीची बाहेर होती.

औषध म्हणून लॅक्ट्युलोज आलं. आजोबा बद्धकोष्ठासाठी घ्यायचे तेच. ते आतड्यात आम्लता वाढवतं, त्यामुळे अमोनिया रक्तात कमी शोषला जातो. चिकन बंद, अंडं आणि पनीर सुरू. महिन्याभरात बुंदी खेळायला लागली.

"मग ऑपरेशन कशाला?" बाबांनी विचारलं. प्रश्न पैशांचा होताच, जिवाचाही होता. औषधांनी लक्षणं दबतात, पण यकृत उपाशीच राहतं. उलट ऑपरेशननंतर पहिल्या काही दिवसांत फिट्स येऊन कुत्रं दगावू शकतं.

मी विचारलं, वाहिनी बांधूनच का टाकत नाहीत? सर्जन म्हणाले, या यकृताला एवढ्या रक्ताची सवयच नाही. एकदम वाट बंद केली तर आतड्यांकडे दाब तुंबेल. म्हणून अ‍ॅमेरॉइडची कडी बसवतात. बाहेर स्टील, आत केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन. ओल शोषून केसीन आतल्या बाजूला फुगतं, भोवती व्रणाच्या पेशी वाढतात आणि काही आठवड्यांत वाहिनी मिटते. तेवढ्यात यकृत सावरतं.

"म्हणजे पनीरच की!" आई म्हणाली. ऑपरेशन ठरलं त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच हसली.

आज एकोणिसावा दिवस. फिट आलेली नाही. कडी किती मिटली हे वरून कळत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा बाइल अ‍ॅसिड्स तपासायची. मी ऐरोलीला ऑफिसात असतो तेव्हा दुपारचं लॅक्ट्युलोज बाबा देतात. न विचारता मेसेज येतो: "घेतलं. झोपलीय."