दोन बोटें कमी

संस्कृत घेऊन एम्. ए. झाल्याला दीड वर्ष लोटलें, तरी माझ्या अर्जांना एकाहि कचेरीनें धड नकारसुद्धां कळविला नव्हता. बाबांचा कारखाना बंद पडलेला, धाकट्या भावाची कॉलेजची फी तोंडावर आलेली. अशा वेळीं पनवेलच्या आमच्या अकरा माणसांच्या घरांत निरुद्योगी बसणें किती जड जातें, हें ज्याचें त्यालाच ठाऊक. एके रात्रीं मावसबहिणीनें मोबाइलवर एक जाहिरात धाडली. एका थीम पार्कमध्यें पाहुण्यांच्या स्वागतासाठीं व पाळण्यांवरील देखरेखीसाठीं पदवीधर हवे होते.

आमच्या घरीं नोकरी म्हणजे बँक, शाळा किंवा सरकारी कचेरी. जेवतांना मीं भीत भीत विषय काढला, तर आप्पा, म्हणजे माझे थोरले काका, ताटावरून मान वर न करतां म्हणाले, "जत्रेंतले पाळणे फिरवायला का मुलीला संस्कृत शिकविलें?" काकू गप्प राहिल्या. आईनें न मागतां पुन्हा आमटी वाढली. मीहि पुढें बोललें नाहीं.

अर्ज मात्र केला, आणि रात्रीं वाचीत बसलें. जत्रा आणि थीम पार्क यांत भेद आहे, हें वाचतां वाचतां कळूं लागलें. कॅलिफोर्नियांत ॲनाहाइम येथें १७ जुलै १९५५ रोजीं वॉल्ट डिस्ने यांनीं डिस्नेलँड उघडलें. तेथें सारें उद्यानच रंगभूमि मानितात. झाडू मारणाऱ्यालाहि 'नोकर' न म्हणतां नटसंचांतला एक समजतात. आपल्याकडे १९८९ सालीं मुंबईजवळ गोराईस एस्सेलवर्ल्ड निघालें, आणि २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका. पण माझ्या मनांत ठसली ती एकच गोष्ट. डिस्नेलँडच्या शिकवणींत सौजन्य, देखावा, कामाचा उरक हें सारें आहे. परंतु त्या साऱ्यांच्या आधीं सुरक्षितता.

मुलाखतीच्या दिवशीं 'मैत्रिणीकडे जातें' असें सांगून घराबाहेर पडलें. ती थाप एस. टी.मध्यें सारा वेळ घशांत अडकल्यासारखी वाटत होती. एका लांबट खोलींत आम्ही तीसएक जण होतों. प्रथम सर्वांसमक्ष प्रत्येकाला स्वतःविषयीं मोठ्यानें बोलावयास सांगितलें. मग एकेकाला आंत बोलाविलें. समोर एक बाई व एक गृहस्थ बसले होते. 'संस्कृत' वाचून कोणी हंसलें नाहीं, याचेंच मला नवल वाटलें.

बाईंनीं विचारलें, "रोलर कोस्टरपाशीं एक मुलगा आला आहे. उंची दोन बोटें कमी. वडील म्हणतात, तासभर रांगेंत उभे राहिलों, दोन बोटांनीं काय होतें? मुलगा रडतो आहे. काय कराल?"

डिस्नेलँडमधील स्पेस माउंटनला किमान ४० इंच उंची लागते, असें मीं वाचलें होतें. आणि कारणहि वाचलें होतें. मांड्यांवर येणारा दांडा ठराविक अंगलटीसाठीं बेतलेला असतो. लहान शरीर त्याखालून निसटूं शकतें. मी म्हणालें, "सोडणार नाहीं."

"वडील रागावले तर?"

"रागावोत. मी आधीं खालीं बसेन, मुलाच्या डोळ्यांशीं डोळे येतील अशी. हा दांडा तुला अजून नीट धरणार नाहीं, असें त्याला सांगेन. मग त्याच्या उंचीला चालणारा पाळणा दाखवीन. पण 'आज यंत्र बिघडलें आहे' असें सांगणार नाहीं."

"कां? तें सोपें नाहीं का?" गृहस्थ म्हणाले.

मला एकाएकीं सकाळची थाप आठवली. "सोपें आहे," मी म्हणालें, "पण शेजारीं यंत्र फिरतांना मुलाला दिसत असतें."

शेवटीं बाईंनीं विचारलें, "सणावारीं, सुट्ट्यांत काम असेल. घरच्यांची संमति आहे ना?"

"नाहीं. आज रात्रीं सांगणार आहें."

त्यांनीं कागदावर कांहींतरी टिपलें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर आप्पा झोपाळ्यावर बसले होते. मी खालीं बसलें आणि म्हणालें, "आप्पा, मी आज मैत्रिणीकडे गेलें नव्हतें." मग सारें सांगितलें, दोन बोटांचा प्रश्नहि. झोपाळा थांबला. बऱ्याच वेळानें ते म्हणाले, "काम मला पसंत नाहीं. खोटें बोललीस, तें तर त्याहूनहि नाहीं."

मीं मान खालीं घातली; पण 'मग जात नाहीं' असें म्हटलें नाहीं. "बोलावलें तर जाईन, आप्पा."

तीन आठवड्यांनीं बोलावणें आलें. काम सहा महिन्यांपुरतें, पगार बेताचा; तरी भावाची फी भरली गेली. माझी नेमणूक उंची मोजण्याच्या पट्टीपाशींच झाली. रोज पांच-सहा मुलांना परतवावें लागतें, आणि दर वेळीं पोटांत कालवतें. आनंद वाटण्याच्या जागीं नकार देणें कोणाला आवडावें? पण वर गेलेलीं मुलें हंसत सुखरूप खालीं येतात, त्यांत त्या नकाराचाहि वांटा असतो, हें आतां मला समजलें आहे.

आप्पा अजून फारसें बोलत नाहींत. मात्र परवां पहांटे निघतांना अंगणांतला दिवा लागलेला दिसला. "परतीची शेवटची एस. टी. कितीला?" त्यांनीं विचारलें.

मीं खरी वेळ सांगितली.